हात बसतो तो नेमका कधी? नवं कौशल्य शिकणाऱ्यांसाठी

मराठी टायपिंगच्या परीक्षेत मी पहिल्या खेपेला नापास झालो, तेव्हा घरात कोणाला ते खरंच वाटेना. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी रोज सकाळच्या एसटीने क्लासला जायचो, दुपारी परत आलो की जेवून लगेच लॅपटॉप उघडायचो आणि रात्री पुन्हा बसायचो. परीक्षेच्या आदल्या रात्री तर अडीच वाजेपर्यंत उतारे टाइप केले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ‘प्रकार’ हा साधा शब्द आला आणि बोटं जागीच थबकली. प कुठे, पाय मोडायची कळ कुठे, र कुठे, सगळं डोक्याला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

दुसऱ्या खेपेला सरावाचे तास मी जवळजवळ निम्मे केले आणि पास झालो. नशीब उघडलं, असं शेजारी म्हणाले. पण मधल्या सहा महिन्यांत, शिकलेली गोष्ट मेंदू कशी मुरवतो यावर जे सापडेल ते मी वाचून काढलं होतं आणि त्याप्रमाणे दिवस आखला होता. तेव्हापासून गावातली, नात्यातली पोरं विचारत येतात. कोणी टायपिंगला जातं, कोणी शिवणक्लासला, एक भाचा हार्मोनियम शिकतोय, एकाला ट्रॉलीसकट ट्रॅक्टर मागे घ्यायला जमत नाही. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. उदाहरणं टायपिंगची आहेत, कारण मी तेच शिकलो. तुम्ही त्या जागी तुमचं काम घाला.

मूळ गोष्ट आधीच सांगतो. आपण खुर्चीवरून उठलो की सराव संपतो, शिकणं चालूच असतं. पुढचे काही तास आणि ती रात्र मेंदू त्याच कामात गुंतलेला असतो. त्या वेळात आपण काय करतो यावर फार काही अवलंबून आहे, आणि क्लासमध्ये त्याबद्दल कोणी एक शब्द सांगत नाही.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- एक शंभर पानी वही. रोजची तारीख, वेळ, स्पीड, चुका आणि आदल्या रात्रीची झोप, एवढंच तिच्यात लिहायचं.
- गजर लावता येईल असं घड्याळ किंवा साधा मोबाईल.
- की-बोर्डची एकच रचना. इन्स्क्रिप्ट की रेमिंग्टन, हे पहिल्याच दिवशी ठरवा. ज्या परीक्षेला बसायचं तिला कोणती चालते, हे क्लासमध्येही विचारा आणि सूचनापत्रकातही स्वतः वाचा.
- तीस-चाळीस वेगवेगळे उतारे. जुनी वर्तमानपत्रं चालतात.
- रात्री सलग सात-आठ तास झोपता येईल अशी जागा. ही मी मुद्दाम साहित्यात धरतो. पाचव्या पायरीत कारण कळेल.
- परीक्षेच्या दिवसासाठी प्रवेशपत्र, आधार कार्ड आणि पत्रकात सांगितलेली बाकीची कागदपत्रं एका पिशवीत आधीच घालून ठेवा. आदल्या रात्री शोधाशोध नको.

१. डोक्याची आठवण आणि हाताची आठवण वेगळी, हे आधी समजून घ्या

अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाचा एक माणूस होता. वैद्यकीय लिखाणात त्याला बरीच वर्षं फक्त एच. एम. म्हणत. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा हिस्सा काढून टाकला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेलं त्याच्या लक्षात राहीना. भेटून गेलेला माणूस थोड्या वेळाने परत आला तर त्याच्यासाठी तो नवाच.

ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला एक काम दिलं. कागदावरची चांदणी गिरवायची, पण हाताकडे थेट न बघता आरशात बघून. करून बघा, पेन्सिल भलतीकडेच जाते. मिल्नर यांनी हा सराव त्याच्याकडून तीन दिवस करून घेतला. दर दिवशी आपण हे पहिल्यांदाच करतोय असं त्याला वाटायचं, चुका मात्र दिवसागणिक कमी होत गेल्या. माणसाला आठवत नव्हतं, हाताला आठवत होतं.

हाताची ही आठवण मेंदूच्या वेगळ्या भागांच्या भरवशावर चालते. हालचालींचा हुकूम सोडणारा मेंदूचा वरचा पट्टा, डोक्याच्या मागे खाली असलेला लहान मेंदू, आणि खोल आत बसलेल्या बेसल गँग्लिया नावाच्या गाठी. धडधाकट माणसात शिकण्याच्या सुरुवातीला हिप्पोकॅम्पसही मदतीला असतो, पण सराव मुरत जातो तसा भार या बाकीच्या भागांकडे जातो.

यातून आपल्या कामाची गोष्ट अशी. ‘मला सगळ्या कळा पाठ आहेत’ याला परीक्षेत काही अर्थ नाही. तक्ता पाठ करणं हे डोक्याचं काम, ते एका दिवसात होतं. हाताचं काम वेगळं आणि त्याला रात्री लागतात. तक्ता पाठ झाल्यावर ‘येतंय मला’ असं समजून स्पीडच्या मागे लागणं, ही नवख्याची पहिली चूक.

२. दहा-वीस सेकंद बोटं उचला

हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने उजव्या हाताच्या माणसांना डाव्या हाताने ४-१-३-२-४ हा क्रम टाइप करायला लावला. दहा सेकंद टाइप, दहा सेकंद थांबा, असं पुन्हा पुन्हा. २०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की सुरुवातीच्या शिकण्यात वेग वाढतो तो प्रामुख्याने थांब्यांमध्ये. म्हणजे बोटं स्थिर असतात तेव्हा पुढच्या फेरीची तयारी होते. २०२१ मध्ये याच गटाने दाखवलं की थांब्यात मेंदू तोच क्रम आतल्या आत पुन्हा चालवून बघतो, आणि तोही प्रत्यक्ष टाइप करण्याच्या सुमारे वीसपट वेगाने.

काही संशोधकांचा यावर आक्षेप आहे. त्यांच्या मते थांब्यानंतर वाढलेल्या वेगाचा बराच भाग म्हणजे बोटांचा शीण उतरणं. तो वाद चालू आहे. आपल्यासाठी दोन्ही बाजूंनी उत्तर एकच निघतं, थांबा घ्या.

कसा घ्यायचा ते सांगतो. समजा इन्स्क्रिप्टवर ‘प्र’ बसवायचा आहे. प उजव्या तर्जनीखाली, पण तिच्या घरापासून, म्हणजे ती एरवी टेकलेली असते त्या कळीपासून, एक कळ डावीकडे. मग डाव्या मधल्या बोटाने पाय मोडायचा. मग पुन्हा उजवी तर्जनी, आता आपल्या घरच्या कळीवर, र. उजवी, डावी, उजवी. तर्जनीने त्या मधल्या क्षणात एक कळ सरकून घरी यायचं असतं, आणि नवख्याचं अडतं ते तिथेच, कारण डावं बोट काम करत असताना उजवी तर्जनी वाट बघत बसते. ‘प्रकार’, ‘प्रथम’, ‘प्रमाण’ असे तीन शब्द दहा-पंधरा सेकंद टाइप करा. मग हात मांडीवर. पडद्याकडे बघू नका, मोबाईल उचलू नका, नुसते बसा. दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा. अशा दहा-बारा फेऱ्यांत तर्जनी आपणहून घरी यायला लागते.

क्लासमध्ये सर ‘थांबला का?’ म्हणून ओरडतील. ओरडू द्या. नव्या अक्षरासाठी थांबा, जुन्या उताऱ्यांसाठी सलग चालवा.

३. एका दिवसात किती? एक तास, फार तर दोन वेळा

ब्रिटनच्या टपाल खात्याला एकेकाळी आपल्या कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवायचं होतं, कारण पत्रांची विभागणी करणाऱ्या यंत्रांत पिनकोडसारखा कोड टाइप करावा लागणार होता. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी कर्मचाऱ्यांचे चार गट केले. कोणाला रोज एक तास, कोणाला सलग दोन, कोणाला एकेक तासाच्या दोन बैठका, कोणाला दोन-दोन तासांच्या दोन. १९७८ साली निकाल छापला. रोज एकच तास बसणारे कमीत कमी तासांत शिकले. चार तास बसणाऱ्यांना त्याच पातळीला यायला जास्त तास लागले.

आणि यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही, की एक तासवाला गट सगळ्यात कमी समाधानी होता. दिवस जास्त लागत होते ना, आपण मागे पडतोय असं त्यांना वाटायचं. मी हे वाचून वही बाजूला ठेवली आणि बराच वेळ बसून राहिलो. माझं पहिलं वर्ष डोळ्यांसमोर आलं. रोज पाच तास बसल्याचं समाधान होतं, बोटांत काही उतरत नव्हतं.

तुमच्याकडे चार महिने असतील तर रोज एक तास पुरे. दोनच महिने असतील तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक. रविवारी सहा तास बसून आठवडा भरून काढू, हा विचार सोडून द्या.

४. सरावानंतरचे चार ते सहा तास राखून ठेवा

माझं पहिलं अपयश मुख्यतः इथलं.

नुकतंच शिकलेलं मेंदूत कच्चं असतं आणि पक्कं व्हायला वेळ लागतो, ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत म्युलर आणि पिल्झेकर यांनी १९०० साली ती निरर्थक अक्षरजोड्यांच्या पाठांतरावर मांडली होती. हालचालींच्या बाबतीत १९९६ साली एक साधा आणि फार बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना यंत्राच्या दांड्याला धरून हात सरळ पुढे न्यायचा होता. यंत्र हाताला एका बाजूला ढकलायचं, त्याची सवय करून घ्यायची. सवय झाल्या झाल्या लगेच उलट बाजूला ढकलणारं यंत्र दिलं, तर पहिलं शिकणं पुसल्यासारखं झालं. दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवलं, तर पहिलं टिकलं.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९९७ ला, रेझा शादमेहर आणि हेन्री होलकॉम्ब यांनी मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं की साधारण साडेपाच तासांनी तीच हालचाल तितकीच नीट होत असते, पण ती चालवणारे मेंदूचे भाग बदललेले असतात. कपाळामागच्या भागातून काम निघून हालचालींच्या भागांकडे आणि लहान मेंदूकडे गेलेलं असतं. आपल्याला बाहेरून काहीच कळत नाही. आत मात्र बिऱ्हाड हललेलं असतं.

आता माझं काय चाललं होतं बघा. सकाळी क्लासमध्ये रेमिंग्टन. कोणीतरी सांगितलं की पुढे इन्स्क्रिप्टच लागणार, म्हणून दुपारी घरी इन्स्क्रिप्ट. दोन्हींत बोटं तीच, कळा त्याच, अक्षरं वेगळी. सकाळचं कच्चं असतानाच मी दुपारी त्यावर दुसरं लिहीत होतो, आणि वरून रात्री पुन्हा पहिलं. परीक्षेत ‘प्रकार’ला बोटं थबकली ती उगाच नाही. दोन रचना हातात भांडत होत्या.

म्हणून नियम:

- एका रचनेत परीक्षा पार पडेपर्यंत दुसरीला हात लावू नका.
- इंग्रजी टायपिंगही शिकत असाल तर एक सकाळी, एक संध्याकाळी. लागोपाठच्या बॅच घेऊ नका. क्लासवाले सोयीसाठी लागोपाठ देतात, पण आग्रहाने बदलून घ्या. पैसे तेवढेच लागतात.
- हार्मोनियमवाल्यांनी एकाच बैठकीत दोन नवे, एकमेकांशी मिळतेजुळते अलंकार घेऊ नयेत.
- ट्रॅक्टरवाल्या भाच्याला मी सांगितलं, ट्रॉली मागे घेण्याचा सराव झाला की त्याच दुपारी छोटा हत्ती टेम्पो मागे घ्यायला जाऊ नको. ट्रॉलीचं स्टिअरिंग उलटं चालतं.

या चार-सहा तासांत झोपूनच राहायचं असं नाही. कापूस वेचा, गुरांचं करा, दुकानात बसा, गणितं सोडवा. त्याच बोटांना तसलंच दुसरं नवं काम देऊ नका, एवढंच.

५. त्या रात्री झोपा

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे होतात. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, अंगणात झोके बांधलेले असतात, आमरसाची पातेली भरलेली, आणि चुलीवर उपडं खापर तापत असतं. पुरण भरलेला उंडा थोडा लाटून झाला की मोठी माय तो पालथ्या मनगटांवर घेते आणि या हातावरून त्या हातावर झेलत वाढवत नेते. बोटांची टोकं लागू द्यायची नाहीत, नाहीतर भोक पडतं. मांडा कोपरापर्यंत पसरतो, पलीकडचा हात त्यातून दिसायला लागतो, आणि मग एका झोक्यात तो खापरावर जातो.

एका आखाजीला माझी धाकटी बहीण आदल्या संध्याकाळी शिकायला बसली. ओळीने पाच मांडे फाटले. सहावा हातात घेऊन ती रडकुंडीला आली, तेव्हा मोठी मायने तिच्या हातातून उंडा काढून घेतला. “आते ऱ्हाऊ दे बेटा, सकाय करजो,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फाटला. दुसरा खापरावर गेला, जरा वेडावाकडा, पण अख्खा.

एका मांड्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण मोठी मायने जे अनुभवावरून सांगितलं ते प्रयोगशाळेतही तपासून झालंय. २००२ साली मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी बोटांनी अंकांचा क्रम टाइप करण्यावर प्रयोग केला. सकाळी शिकवून बारा तास जागं ठेवलेल्यांचा वेग फारसा वाढला नाही. रात्रीची झोप झाल्यावर तोच वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला, मधे एकदाही सराव न करता. ही वाढ झोपेच्या दुसऱ्या टप्प्याशी जुळत होती, त्यातही रात्रीच्या शेवटच्या प्रहरातल्या. या टप्प्यात मेंदूत स्पिंडल नावाच्या विद्युतलहरींचे छोटे झपके येतात, सेकंदाला साधारण बारा ते पंधरा आंदोलनांचे, आणि शिकलेलं पक्कं करण्याशी त्यांचा संबंध सापडला आहे.

इथेही एक बाजू सांगायला हवी. झोपेने कौशल्य खरंच वाढतं, की थकवा उतरून जे होतं तेच दिसायला लागतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण झोप मोडून शिकणं सुधारतं असं कोणीच म्हणत नाही.

रात्रीचा शेवटचा प्रहर, हे लक्षात ठेवा. आपल्याकडचा हुशार विद्यार्थी नेमका तोच कापतो. बारा वाजता झोपून चारला उठला की घरचे कौतुक करतात. पाठांतराला ते चालत असेल-नसेल, हाताच्या कामात त्या पहाटेच्या दोन तासांत मेंदूचं जे काम चाललेलं असतं ते तुम्ही अर्ध्यात थांबवता.

आता खान्देशातल्या अडचणी. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, रात्री भिंती तापलेल्या असतात, त्यात वीज गेली की झोप कसली? मी गच्चीवर झोपायचो, ओला पंचा उशाशी. तेही जमेना तेव्हा दुपारी झोप काढायचो. दुपारच्या झोपेचाही उपयोग होतो, २००७ च्या एका प्रयोगात तासा-दीड तासाच्या झोपेनंतर बोटांच्या कौशल्यात वाढ दिसली होती. उन्हाच्या वेळेत सकाळचा क्लास, जेवण आणि मग झोप, हा आमच्या भागाला साजेसा क्रम आहे. दुपारी झोपलं म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

लग्नसराईत मात्र काटेकोर राहा. रात्री हळद, पहाटे वऱ्हाड, अशा दिवसांत नवं अक्षर घेऊच नका. जुनंच चालवा.

६. दुसऱ्या दिवशी सुरुवात हळू

सकाळी बसल्या बसल्या स्पीड मोजू नका. पहिली पाच मिनिटं कालचंच, अगदी संथ आणि बिनचूक. साठवलेली आठवण बाहेर काढली की ती थोडी मऊ होते आणि पुन्हा घट्ट होताना तिच्यात बदल शिरू शकतो. तेव्हा घाईत ‘प्र’च्या जागी ‘पर’ टाइप करत राहिलात तर ते ‘पर’ही मुरायला लागतं. चुकीचं मुरलेलं काढणं फार जड जातं. क्लासमध्ये असे काही जण भेटले की ज्यांनी दोन-दोन वर्षं बघून टाइप केलं होतं. त्यांना शून्यापासून शिकणाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

याच मऊ होण्याचा फायदाही घेता येतो. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या पाब्लो सेल्निक यांच्या गटाने लोकांना बोटांच्या दाबाने पडद्यावरचं चिन्ह हलवायला शिकवलं. सहा तासांनी काहींना तेच काम दिलं आणि काहींना तेच, पण किंचित बदललेलं. दुसऱ्या दिवशी बदललेलं करणारे जास्त पुढे गेलेले दिसले.

इथे गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट करतो. चौथ्या पायरीत मी ‘दुसरं नको’ म्हटलं आणि इथे ‘बदललेलं चालेल’ म्हणतोय. दुसरी रचना म्हणजे उलट काम, ते मोडतं. त्याच रचनेतला वेगळा उतारा म्हणजे त्याच कामाचा थोडा बदल, तो घट्ट करतो. सकाळी शेतीवरचा उतारा घेतलात तर संध्याकाळी त्याच अक्षरांचा पण शाळेवरचा घ्या. तोच उतारा चाळीस वेळा घोटू नका.

७. आठवड्यानंतर मिसळून सराव

पहिले सात-आठ दिवस एकेक अक्षर वेगळं घेतलं तर ठीक. त्यानंतर जोडाक्षरं, अंक, साधे शब्द, पत्राचा मजकूर असं सरमिसळ करा. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या, काहींना एकेक पुरी करून आणि काहींना उलटसुलट क्रमाने. सरावाच्या वेळी एकेक करणारे पुढे होते. दहा दिवसांनी तपासलं तेव्हा सरमिसळवाले पुढे निघाले.

त्यामुळे या आठवड्यात वहीतला स्पीड खाली येईल. माझा २७ वरून २२ वर आला होता आणि मी घाबरलो होतो. दहा-बारा दिवस धीर धरा.

८. संगणक हाताशी नसेल तेव्हा

क्लासला चाळीस मिनिटं एसटी, तेवढीच परत. खूप जणांच्या घरी लॅपटॉप नाही. अशा वेळी डोळे मिटून मनातल्या मनात टाइप करा, प्रत्येक बोट हलल्याचं जाणवेल इतक्या सावकाश.

अल्वारो पास्कुआल-लिओन यांनी १९९५ साली पियानो न येणाऱ्यांना एका हाताचा पाच बोटांचा धडा दिला. एक गट पाच दिवस रोज दोन तास वाजवायचा, दुसरा तेवढाच वेळ नुसती कल्पना करायचा. मेंदूतला बोटांचा नकाशा दोन्ही गटांत सारखाच बदलला. वाजवण्यात कल्पनावाले मागे होते, पण प्रत्यक्ष सरावाच्या एकाच बैठकीनंतर त्यांनी बाकीच्यांना गाठलं. म्हणजे नुसत्या कल्पनेवर परीक्षा निघत नाही, पण प्रवासातला वेळ फुकटही जात नाही. पुठ्ठ्यावर कळा काढून त्यावर बोटं चालवलीत तर आणखी चांगलं. मी पुठ्ठा वापरायचो. शेजारच्या सीटवरचे आबा तो हातात घेऊन बघायचे आणि मग मला उतारा वाचून द्यायचे.

९. परीक्षेचा आठवडा

- सात दिवस आधी नवं शिकणं बंद. एखादं जोडाक्षर अजून अडत असेल तर अडू दे, एका शब्दाने कोणी नापास होत नाही.
- शेवटचे तीन दिवस, परीक्षेची जी वेळ असेल त्याच वेळेला, तेवढ्याच मिनिटांचा एक पूर्ण उतारा. वर्तमानपत्र उभं टेकवून. एकदाच.
- रोजची झोपायची वेळ बदलू नका. लवकर झोपायला गेलात आणि झोप लागली नाही तर उगाच काळजी वाढते.
- आदल्या दिवशी दुपारपर्यंत अर्धा तास, नंतर की-बोर्ड झाकून ठेवा. मामा, काका फोन करून ‘झाला का सराव?’ विचारतील. झाला म्हणा.
- केंद्र लांब असेल, म्हणजे नंदुरबार किंवा चोपड्याकडून धुळे-जळगावला यायचं असेल, तर पहाटेच्या गाडीसाठी तीनला उठण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी नातेवाइकांकडे मुक्कामाला जा.
- केंद्रावर की-बोर्ड वेगळा असतो, कळा कडक असतात. बसल्यावर वेळ मिळाला तर घरच्या ओळीवर बोटं ठेवून दोन्ही तर्जन्यांना उंचवटे लागतात का ते चाचपा. दोन-तीन साधे शब्द टाइप करता आले तर करा.
- मधेच बोटं थबकली तर कळा शोधायला खाली बघू नका. हात उचला, एक श्वास घ्या, घरच्या ओळीवर परत ठेवा आणि तो शब्द सुरुवातीपासून घ्या. दुसऱ्या खेपेला माझं ‘व्यवस्था’ या शब्दावर असंच झालं होतं. तीन सेकंद गेले. मग व, पाय मोडला, य, आणि पुढची अक्षरं बोटांनीच आणली.